पखवाजाची कनीक

व्हिएन्ना,
१४ जून २०२५

ती. गोजरा आत्यास,

चंपतचा शि. सा. न. वि. वि. गुरुजीनं हे पाठ करून घेतलं होतं म्हनून लिवलं. पुरा अर्थ मले आजबी सांगता येत नाही, तू आपल्या सोयीनं लावून घे.

पोचलो. राखीताईनं दारातच मले पाहून रडून घेतलं आन डोये पुसत पुसत इचारलं का डिंकाचे लाडू फुटले तं नाही. दोन फुटले होते, ते मी इमानातच खाऊन टाकले. लेकरू अजून वीतभर हाये, पन आवाज असा का मंगरूळच्या भाजी लिलावात उभं केलं तं भाव पुकारीन. बाळंतपनाले लोकायच्या घरी माय येते, आत्या येते. ताईच्या नशिबी मिशी असलेली बाळंतपनवाली आली. हर्षल भाऊजी चांगले हायेत, पन सकाळी जाते ते दिवस मावळता येते, आन इथी दिवस रात्री नऊ वाजता मावळते.

खरं तं तूच याची होती. पासपोर्ट तुहाबी बनला होता. पन तू म्हने का इमानतळावर काय पुकारून राह्यले ते मले आयकू येनार नाही, मी भलत्याच देशात जाऊन उतरीन. उतरली असती तं तिथल्या लोकायले वांगे लावाले शिकवले असते, दुसरं काय झालं असतं?

आता चिठ्ठीचं आयक. मी कागदावर लिवतो, फोटो काढून बादलले पाठवतो, तो आपल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून तुले आनून देईन. तूबी तसंच कर. फोनवर तुले आयकू येत नाही, आन व्हिडिओत माह्ये ओठ अटकत अटकत हालते, मंग तू नुसती हो हो म्हनत राह्यतं. परवा मी इचारलं का बकरी कशी हाये, तं तू म्हने हो, दोन टाइम जेवते मी. बादल, तू हे वाचून राह्यला हे मले माहीत हाये. वाच, पन शाई भरून छाप.

शहर लय साफ हाये. बागा एवढ्या का एक सरली का दुसरी लागते. दुपारी लेकरू आन ताई झोपले का मी बागेत जाऊन बसतो. लोकं गवतावर उन्हात पडून राह्यते, आपल्याकडे मिरच्या वाळू घालतात तसे. अन् शांतता अशी का पयल्या दिवशी मले वाटलं, माह्येच कान गेले. खूब वेळ मी आपल्याच मांडीवर थापा मारून पायल्या.

एक गोष्ट लिवतो, रागावू नको. रामनवमीपासून तू देवळाची पायरी चढली नाही. अभंग सरला, बाकीच्या बाया थांबल्या, अन् तू डोये मिटून एक कडवं एकटीच म्हनत राह्यली. पोट्टे हासले. एवढंच तं झालं. पुढं श्रावन हाये, रोज भजन राहीन. जात जा.

लोभ हाये तेवढा ठेव, उरला तं बादलले थोडा दे.

तुहा,
चंपत


आसेगाव,
१९ जून

चि. चंपतास,

गोजरा आत्याचे आशीर्वाद, कागदात मावतीन तेवढे.

बादलनं तुही चिठ्ठी एवढ्या मोठ्या अक्षरात छापून आनली का मले वाटलं निवडनुकीचं पोस्टर हाये. म्या त्याले सांगतलं, बावा, माह्ये कान गेले, डोये हायेत.

राखीले ताकीद दे का थंड्या पान्यात हात घालू नको. लेकराले तेल कोमट करून लाव, अन् तू लावत असशीन तं आधी नखं काप. लाडू फुटले नव्हते, तू फोडले. मले माहीत हाये.

मी मजेत हाये. सांबाराच्या हिरव्या जुड्या निंघून राह्यल्या, मेथी बरी हाये. परवा मोटर बंद कराची राह्यली. आवाज आला नाही तं ध्यानातच नाही, पानी मेथीतून रस्त्यावर गेलं तवा समजलं. काही बिघडलं नाही. दूध दोनदा उतू गेलं. आता मी चुलीसमोरच बसून राह्यते, दुधाकडे पाहात. तेवढाच टाइम जाते.

भजनातली अंजू रस्त्यानं आवाज देऊन गेली म्हनते, मी वळली नाही. तिले वाटलं गोजराबाई फुगून बसली. आता तीबी माह्याकडे पाहात नाही. कोना कोनाले समजावून सांगू? लोकायले राग आलेला बरा, कीव नको.

देवळाचं तू काढू नको. वीस वर्सं बाया माह्या मागून म्हनत आल्या. आता माह्या मागून पोट्टे हासतीन, अन् ते मले आयकूबी येनार नाही. नुसते दात दिसतीन. कनीक मात्र मी पाठवते. देवळातल्या फुलचंद मामाच्या पखवाजाच्या डाव्या तोंडाले जी कनीक थापतात ती मीच मळत आली, दुसरीच्या हातची पातळ होते आन आवाजाचा घुमारा बसते, असं ते म्हनतात. एकादशीले अंजूच्या पोट्ट्यापाशी गोळा देऊन देते. देवाचं काम अटकू नये एवढंच.

तू बागेत बस, हवा खा. कोनाची खोडी काढू नको, परदेस हाये.

मया हाये, ते लिवावं लागत नाही.

तुही आत्या,
गोजराबाई


व्हिएन्ना,
६ जुलै

ती. आत्यास,

चंपतचा दंडवत, पुरा लंबा, नाक जमिनीले लावून.

खोडी काढू नको म्हनतं, पन इथी खोडी काढाले मानूसच नाही. खोडीले कोनी चिडनारा लागते, कोनी हासनारा लागते. मी बागेत झाडामागं लपून कोकिळेचा आवाज काढला, तोच, ज्याच्यापायी तू आंब्याखाली उभी राहून मान दुखवून घेतली होती. कोनी वळून पायलं नाही. एका बाईच्या कुत्र्यानं पायलं, तोबी लाजल्यावानी खाली पाहून निंघून गेला. मंग मी झाडामागून बाहेर आलो. आपल्याच खोडीतून आपनच बाहेर याचं, लय वाईट वाटते आत्या.

पन एक खोडी जमली. इथल्या एका बागेत नुसते गुलाब हायेत. एवढे का आपल्या गावच्या सगळ्या नवरदेवायले जन्मभर पुरतीन. हर झुडपापाशी एक नावाची पट्टी. भाऊजीनं सांगतलं का लोकं आपल्या मानसाच्या नावानं झुडूप ठेवते. कोनी माय, कोनी नवरा, कोनी मेलेला, कोनी जिता. एका झुडपाले नाव नव्हतं. गुलाब पिवळा, मधी जरा लाल, तुह्या त्या लुगड्यावानी. म्या लाडवाच्या डब्याचं झाकन कापलं, त्यावर लिवलं, गोजराबाई, आसेगाव, हात लावाल तं खबरदार. लाडवाच्या गाठोड्याचाच दोरा होता, त्यानं बांधलं. आता या शहरात तुह्या नावाचं झुडूप हाये. कोनाले वाचता येत नाही, म्हनून कोनी काढलंबी नाही. मी रोज जाऊन वाचतो. दिवसातून मराठी वाचाले मले तेवढंच भेटते.

अजून एक. एका चौकात एका गानं बसवनाऱ्याचा मोठा पुतळा हाये. तोंड असं केलं का वाटते कोनी त्याची जागा घेऊन बसलं. भाऊजी म्हने, तो मानूस बहिरा झाला होता, तरी गानं बसवत राह्यला, अन् लोकं अजून वाजवते. म्हनलं तुले कळवावं.

श्रावन पंचवीस तारखेले लागते. तुहा टाळ खुंटीवर हाये का काढून ठेवला? खुंटीवरच राहू दे.

लोभ कमी करशीन तं मी गुलाबाची पट्टी काढून आनीन.

तुहा,
चंपत


आसेगाव,
११ जुलै

चि. चंपतास,

आशीर्वाद. लबाडाले देऊ नये, पन देते.

पुतळा बहिरा होता म्हनतं. पुतळे सगळेच बहिरे राह्यतात रे. आपल्या बसस्टँडवरचाबी हाये. मले शहानी करू नको. तो मोठा मानूस, घरात एकटा बसून गानं बसवत असीन. त्याले धा बायाच्या मधी बसून, त्याइच्यासंग कडवं उचलून, त्याइच्यासंगच ठेवाचं नव्हतं. गानं मले येते, चंपत. डोस्क्यात सगळं वाजते. कोठी थांबाचं ते समजत नाही. तेवढ्यासाठी सगळं गेलं.

गुलाबाचं वाचून हासली. मंग तीनदा वाचलं. त्या झुडपाच्या बुडाशी पानी साचू देऊ नको, मुळी कुजते. वाळलेलं फूल फांदीच्या डोयाच्या वरून खुड, डोयाले लागून खुडू नको. अन् माह्या नावाचं हाये तं त्याच्याशी बोलत जा, तेबी आयकनार नाही, पन तुले बरं वाटीन.

बायायनं ठरवलं म्हनते का श्रावनात अंजू पुढं बसून म्हनीन. गळा चांगला हाये तिचा. टाळ म्या खुंटीवरून काढून डब्यात ठेवला, पितळ काळं पडून राह्यलं होतं. आता हे परत इचारू नको. माह्या गळ्याची शपथ घालते.

घरी दोन भाकरी टाकल्या का एक उरते. सवय जात नाही. बकरीले देते. ती जाडी झाली.

राखीच्या लेकराले माह्याकडून एक पापा दे, मिशी टोचू देऊ नको.

हाये तसाच राहा, सुधरू नको फार.

तुही आत्या


व्हिएन्ना,
२० जुलै

ती. आत्यास,

नमस्कार.

शपथ घातली, म्हनून इचारत नाही. आज जे झालं ते सांगतो फक्त.

आज बागेत बाजा होता. फुकट. लाकडाची फळी टाकून मंच केला होता, त्यावर काळे कपडे घालून वीस-पंचवीस जन. सारंगीवानी वाद्यं लहान मोठे, आन एक तं मानसाहून उंच, वाजवनारा उभा राहून तिले कवटाळते, कनसाच्या पेंडीवानी. खुर्च्या भरल्या होत्या, मी मंचाच्या काठावरच फळीवर टेकलो. वाजाले लागले. लोकं असे बसले का कोनी खोकेना. लेकरंबी खोकेना.

चांगलं होतं आत्या. पन चांगलं वाटलं का मी बाजूले पाहतो, कोनाले तरी कोपर माराले, अन् बाजूले कोनी नाही. मंग मले तुही याद आली. मनात आलं, आत्या इथी असती तं तिच्यापरेंत यातलं काय आलं असतं? म्हनून म्या दोन्ही कानात बोटं घातले. घट्ट.

समोरची बुढी माह्याकडे अशी पाहाले लागली का जसं मी तिच्या घरी जेवनात माती टाकली. त्या उंच सारंगीवाल्यानंबी पायलं, त्याचं तोंड उतरलं. त्याले वाटलं, याले माह्यं वाजवनं सहन होत नाही. म्या हासून मान हालवली, पन बोटं काढले नाही. बोटं कानात आन तोंडावर हासू, मंग तं तो जास्तच उतरला. एक बिल्लेवाला येऊन मले दूरची खुर्ची दाखवू लागला. मी उठलो नाही. खोडी नव्हती ती. पयल्यांदा खोडी नव्हती आन लोकायले पयल्यांदा खोडी वाटली.

अन् आयक. पयले काहीच नाही. मंग बुडाखालची फळी दूर कोठी मोटर चालू झाल्यावानी लागली. मंग ते मांडीत आलं, पोटात आलं. ती उंच सारंगी येऊन राह्यली होती, बाकी बारक्या नाही. बारक्या फळीत येतच नाही. ती एकटीच येऊन माह्या पाठीच्या मनक्यावर चालत होती. अन् मंग फळी मेली. एकदम. म्या डोये मिटून घेतले होते, बोटं कानातच होते, तरी मले समजलं का सरलं. डोये उघडले तं लोकं टाळ्या वाजवत होते.

घरी येऊन ताईले सांगावं म्हनलं, तं ती लेकराले घेऊन बसल्या बसल्या झोपली होती. भाऊजीले सांगतलं. त्याइनं इचारलं, काय वाजवत होते, नाव काय? मले नाव माहीत नव्हतं. मंग पुढं काय सांगनार? म्हनून तुले लिवलं.

मले इथी करमत नाही आत्या. राखीताईले सांगू नको. तिले वाटते मी मजेत हाये, रोज बागा पाहून राह्यलो. पाहून तं राह्यलोच.

मया ठेव.

तुहा,
चंपत


व्हिएन्ना,
२ ऑगस्ट

ती. आत्यास,

नमस्कार. तुही चिठ्ठी नाही.

बादलले इचारलं. तो म्हने, छापून दिली, गोजराकाकूनं उभ्या उभ्या वाचली, घडी करून पदरात खोसली आन चहाबी पाजला नाही. चहा पाजला नाही म्हनल्यावर मले भेव वाटलं. त्यानंतर तो वाशीमले आपल्या बहिनीकडे गेला, परवा येनार. तवरी मी कोनाले इचारू?

मले काल रात्रभर एकच वाटत राह्यलं. कान गेलेल्या मानसाले म्या कानात बोटं घालून दाखवलं, असं तं तुले वाटलं नाही ना? हासलो म्हनून लिवलं, पन तुह्यावर हासलो नाही. तुले माह्या सगळ्या खोड्या माहीत हायेत. ही त्यातली नाही.

आज गुलाबाकडे गेलो. तुह्या नावाची पट्टी जाग्यावर नव्हती. दोरा कुजला असीन. झुडपाभोवती फिरलो, गवतात पायलं. मंग दिसलं, कोनीतरी, तिथली माळीनच असीन, ती खालच्या फांदीवरून काढून वर नीट तारेनं बांधली होती. अक्षरं सुलटी करून. तिले सुलटं कोनतं ते कसं समजलं, मले माहीत नाही. मी तिथं खूब वेळ बसलो, पन ती आली नाही.

दोन ओळी लिव. शिव्या लिव.

तुहा,
चंपत


आसेगाव,
५ ऑगस्ट

चि. चंपतास,

आशीर्वाद, अन् मागच्या चिठ्ठीचे राह्यले तेबी यात धर.

राग आला होता. लय आला. बाहेर देसात जाऊनबी याले माह्ये कानच भेटले खेळाले, असं वाटलं. कागद फाडून चुलीत टाकाले काढला होता. पन तू लिवलं होतं का बाजूले कोपर माराले कोनी नव्हतं. तेवढ्यावर हात थांबला. ठेवून देला.

श्रावन लागला त्या दिवशी कनीक मळली, ओल्या फडक्यात बांधली आन वाट पाहत बसली. अंजूचं पोट्टं आलंच नाही. मंग समजलं का अंजू भाजी घेऊन मंगरूळले गेली होती, त्यालेबी संग नेलं होतं. गोळा वाळाले लागला. दुसऱ्यांदा पानी लावलं. मंग म्हनलं, द्याची आन निंघून याचं. पायरीवरूनच.

फुलचंद मामा पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. त्याइचे हात आता थरथरते. त्याइनं गोळा घेतला नाही, पखवाजाचं डावं तोंड माह्याकडे फिरवलं. वीस वर्सं मीच लावत आली, तशीच लाव म्हनून. मी लावली, आंगठ्यानं दाबली, कड मोकळी ठेवली. मामायनं घुमारा पाहाले थाप मारली. माह्या दुसऱ्या हाताचा पंजा पखवाजाच्या लाकडावर होता.

चंपत, तुही फळी मले तिथं भेटली.

मी हात काढलाच नाही. मामा माह्या तोंडाकडे पाहत राह्यले, मंग परत थाप मारली, मंग परत. लहान लेकराले खुळखुळा वाजवून दाखवतात तसे. तवरी बाया आल्या, अंजूबी भाजीचा हात न धुता आली. मले पाहून थबकली. मी तिले खुनेनं सांगतलं का तूच पुढं बस, तूच काढ. मामा माह्या समोर तोंड करून, सगळ्या देवळाले आयकू जाईन असे बोलले असतीन, कारन पोट्टे दचकले. म्हने, हात उचलू नको गोजराबाई, घुमारा दबला तं दबू दे.

अंजूनं काढलं. कोनतं काढलं ते तिच्या ओठावरून समजलं. म्या दुसऱ्या ओळीपासून धरलं. सूर कसा लागला मले माहीत नाही, कोनाले इचारलंबी नाही. ठेका हातात होता. मांडीत आला, पोटात आला, तू लिवलं तसाच. मंग मी डोये मिटले. मिटाचे नव्हते, सवयीनं मिटले. मिटल्यावर वाटलं का आता परत तेच होनार.

मंग पखवाज थांबला. हाताखाली एकदम काही उरलं नाही, नुसतं लाकूड. मी तोंड मिटलं. डोये उघडून पायलं तं सगळ्या बायायचे तोंड मिटलेले होते, पोट्ट्यायचेबी.

तवापासून रोज जाते. घरी येऊन त्या दिवशी कोनाले सांगावं असं झालं, कोनी नव्हतं, बकरीले सांगतलं. तुले लगेच लिवलं नाही, कारन वाटलं एक दिवस जमलं असीन, उद्या फसलं तं? आता जमते. बादल काल आला, तुही दुसरी चिठ्ठी घेऊन. त्याले दोन कप चहा पाजला.

तुले करमत नाही हे मले पयल्या चिठ्ठीतच समजलं होतं, मांडीवर थापा मारल्या लिवलं तवा. राखीले सांगत नाही. पन तीबी एकटीच हाये रे तिथं. पुढल्या बाज्याले लेकराले घेऊन तिले फळीवर बसव, तुह्या बाजूले. कोपर मार. अन् त्या उंच सारंगीवाल्याले, भेटला तं, हात जोडून ये माह्याकडून.

आता भजनाची वेळ झाली, कनीक मळून ठेवली हाये. हात न पुसताच लिवाले बसली, कोपऱ्यात डाग पडला. बादल म्हने, फोटोत येईन. येऊ दे.

वाट पाहते, ते सांगाची गोष्ट नाही.

तुही आत्या,
गोजराबाई